दोन पांढरे पट्टे, १२० पीएस आणि आपला गोंदियाचा रस्ता

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एसयूव्ही येऊन उभी राहिली तर आता कुणी मान वळवत नाही. पण केशरी रंगाची, काळ्या बॉनेटवरून थेट छतापर्यंत दोन पांढरे पट्टे ओढलेली अल्ट्रोझ रेसर आली, की टपरीवरचा चहा हातातच थंड होतो. मग चर्चा सुरू. एक म्हणतो, 'कडक दिसते न भाऊ!' दुसरा म्हणतो, 'अकरा लाखांत एसयूव्ही नाही का येत?' तिसऱ्याचा प्रश्न ठरलेला, 'मायलेज किती देते?'

तिघांचंही बरोबर आहे. दिसणं, पळणं आणि पैसा, या तीनच गोष्टींवर ही गाडी जोखायची असते. फक्त ती जोखायची मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर नाही, तर एमएच-३५ च्या रस्त्यावर.

ही जात कोणती?

घरगुती हॅचबॅक घ्यायची, तिच्यात ताकदीचं इंजिन बसवायचं, सस्पेन्शन जरा टणक करायचं. झाली 'हॉट हॅच'. फोक्सवॅगनने १९७६ मध्ये गोल्फ जीटीआय आणली आणि जगाला या प्रकाराची चटक लागली. तीच गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये आपल्याकडे आली ती ५३ लाखांना, तीही एक्स-शोरूम. म्हणजे तिच्याबद्दल आपण फक्त रील्स बघायच्या.

आपल्या आवाक्यातली कथा वेगळी आहे आणि तिचा मोठा भाग आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यात घडला. चाकणला पोलो जीटी टीएसआय तयार झाली, रांजणगावला फियाटची अबार्थ पुंटो आणि पिंपरीला अल्ट्रोझ. चेन्नईजवळ तयार होणारी ह्युंदाई आय-२० एन लाइन ही यांची सरळ स्पर्धक.

दिसणं : पट्टे कोणासाठी?

या गाड्या साधारण एकाच मापाच्या का दिसतात, कधी विचार केलाय? अल्ट्रोझ ३,९९० मिमी, आय-२० ३,९९५ मिमी. कारण सरकारच्या लेखी 'छोटी गाडी' म्हणजे ४ मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत. २००६ च्या अर्थसंकल्पात ही रेघ आखली गेली आणि तिच्या आत राहिलं की कर कमी लागतो. त्यामुळे डिझायनरच्या हातात उरतं काय? बंपर, अलॉय, रंग, पट्टे आणि आतली शिलाई.

रेसरने या उरलेल्या जागेत बरंच केलं आहे. १६ इंची चाकं, आत काळ्यावर केशरी, वरच्या मॉडेलला व्हेंटिलेटेड सीट. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी गाडी उन्हात उभी केलेल्यांना या सीटची किंमत वेगळी सांगायला नको. एन लाइन त्या मानाने शांत आहे. लाल रेषा इथे-तिथे, बाकी सभ्य. वडिलांना 'घरची गाडी' म्हणून पटवायची असेल तर एन लाइन सोपी जाईल. रेसर बघून ते आधी विचारतील, 'पट्टे निघतात का?'

माझं मत? पट्टे छान आहेत, पण ते गाडीला वेगवान करत नाहीत. साध्या गाडीवर तसेच पट्टे मारून फिरणारेही आपण बघतोच.

पळणं : आकडे आणि डांबर

जून २०२४ मध्ये रेसर आली तेव्हा तिचे आकडे होते १२० पीएस आणि १७० न्यूटन मीटर. एन लाइनचे १२० पीएस आणि १७२. कागदावर दोघी सख्ख्या बहिणी. साधी १.२ पेट्रोल अल्ट्रोझ ८८ पीएस आणि ११५ न्यूटन मीटर देते. हा फरक टॉर्कचा आहे आणि तो खरा आहे.

दुपदरी रस्ता आहे, पुढे धानाची पोती भरलेला ट्रक आहे. साध्या गाडीला ओव्हरटेकसाठी एक गिअर खाली टाकून इंजिन ओरडवावं लागतं. रेसरचा टर्बो १,७५० आरपीएमपासूनच पूर्ण टॉर्क देतो. म्हणून ती ट्रकला लवकर मागे टाकते आणि समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहते. ताकदीचा हा उपयोग मला पूर्ण मान्य आहे.

पण ० ते १०० चा आकडा? कंपनीच्या दाव्यानुसार रेसरला ११.१ सेकंद लागतात. २०१५ च्या अबार्थ पुंटोचा दावा ८.८ सेकंदांचा होता. १४५ पीएस, १.४ लिटर टर्बो, किंमत ९.९५ लाख. तरीही ती किती जणांनी घेतली? फारच थोड्यांनी. इंजिन १,२०० सीसीच्या रेघेबाहेर, म्हणून कर जास्त. फियाटचं सर्व्हिसचं जाळं विरळ. पुढे फियाटने भारतातला कार विक्रीचा गाशाच गुंडाळला. धडा असा की टपरीवर टाळ्या घेणारी गाडी आणि शोरूममधून बाहेर पडणारी गाडी वेगळी असते.

आता आपल्या रस्त्यावर या. राष्ट्रीय महामार्ग ५३ देवरीवरून छत्तीसगडकडे जातो. कोहमाऱ्याला तो सोडून गोंदियाकडे वळलं की थोड्याच वेळात जंगल सुरू होतं. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधला हा वन्यजीवांचा येण्या-जाण्याचा मार्ग आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका कारने वाघाला धडक दिली. जखमी वाघ रस्त्याकडेला सरपटतानाचा व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर आला होता. तो वाघ वाचला नाही.

बारावीचं फिजिक्स आठवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ताशी ६० ला, डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण ३७ मीटरमध्ये थांबते. ताशी १०० ला हेच अंतर ८० मीटरच्या पुढे जातं. रात्री, पावसात, हेडलाइटच्या उजेडात अचानक चितळ आलं तर? इथे १२० पीएस काहीच मदत करत नाहीत. मदत करतात ब्रेक, टायर आणि तुमचा उजवा पाय.

म्हणून रेसरचं मला सर्वांत आवडणारं वैशिष्ट्य पट्टे नाहीत. सहा एअरबॅग सगळ्या मॉडेल्सना दिल्या, हे आहे. मूळ अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपच्या २०२० च्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले होते, हे दुसरं. ही वाक्यं रीलमध्ये चालत नाहीत, पण घरी सांगायला हीच कामाची.

पैसा : किती क्विंटल?

रेसर आली तेव्हा किमती होत्या ९.४९ लाख, १०.४९ लाख आणि १०.९९ लाख, सगळ्या एक्स-शोरूम. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, त्यामुळे आजचा आकडा शोरूममधूनच घ्या. इथे हिशेबापुरती जुनी किंमत धरू.

आपल्या महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांना १२ टक्के रोड टॅक्स आहे. म्हणजे १०.९९ लाखांच्या गाडीवर अंदाजे १ लाख ३२ हजार फक्त टॅक्स. त्यावर विमा. इथे एक गंमत आहे. एन लाइनचं इंजिन ९९८ सीसी, रेसरचं १,१९९. थर्ड पार्टी विम्याचा टप्पा १,००० सीसीला बदलतो. २०२२ च्या दरांनुसार वर्षाला एकीला २,०९४ रुपये, दुसरीला ३,४१६. ताकद सारखी, हप्ता वेगळा.

आता कर्ज. समजा ९ लाख, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं. ईएमआय साधारण १४,७०० रुपये. सात वर्षांत व्याजच सव्वातीन लाखांच्या पुढे. शिकत असताना हा हप्ता आपण भरणार नाही, घरचे भरतील. म्हणून घरच्या भाषेत मोजू. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. टॉपची रेसर म्हणजे जवळपास ४७८ क्विंटल धान. एकरी २० क्विंटल धरले तर चोवीस एकरांचं पीक. तेही बी, खत, मजुरी, रोवणी काहीही वजा न करता.

ही टोमणा मारायची गोष्ट नाही. शौक असावा. पण शौकाचं वजन काट्यावर ठेवून बघावं.

मग घ्यायची का?

नोकरी लागली आहे, हप्ता स्वतःच्या पगारातून जाणार आहे आणि महिन्यातून चार वेळा नागपूर किंवा रायपूरला जाणं होतं? तर टर्बो हॅचबॅक घ्या, मजा येईल. एसयूव्हीपेक्षा वळणावर ती घट्ट बसते आणि पार्किंगलाही सोपी.

फक्त कॉलेज, मार्केट आणि लग्नं असतील, तर साधी अल्ट्रोझ किंवा बलेनो पुरते. वाचलेल्या पैशांत कितीतरी वर्षांचं पेट्रोल येईल.

सेकंडहँड पोलो जीटीचा मोह होईल. होणारच. २०२२ मध्ये पोलो बंद झाली तेव्हापासून तिचे चाहते वाढलेच आहेत. पण २०१३ नंतरच्या जीटी टीएसआयमधल्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत आणि दुरुस्ती महाग पडते. सर्व्हिसचे कागद नसतील तर सौदा सोडून द्या.

आणि काहीही घ्या, टेस्ट ड्राइव्हला एकटे किंवा मित्रांसोबत जाऊ नका. आईला मागच्या सीटवर बसवा आणि गाडी तुमच्या घरच्या रस्त्याने न्या. टणक सस्पेन्शन गतिरोधकावर कसं वागतं, मागे पाठ किती हलते, खाली काही घासतं का, हे ती दहा मिनिटांत सांगेल.