स्वनिर्मित विमानातील रोटरी इंजिन आणि प्रज्वलनवेळेचे समायोजन

प्रस्तावना :
कोल्हापूर हे ओतकाम आणि यंत्रकाम यांचे जुने केंद्र आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारागिरांना इंजिनाचे 'टायमिंग' ही संकल्पना नवी नाही. उजळाईवाडीचा विमानतळही संस्थानकाळात, 1939 साली सुरू झाला. महाराष्ट्रात स्वनिर्मित विमानाचा विषय कॅप्टन अमोल यादव यांच्या प्रयत्नांमुळे सर्वपरिचित झाला. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे विमान 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले. 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली व 2019 मध्ये उड्डाणचाचणीची परवानगी मिळाली. परदेशांत अशा विमानांसाठी काही निर्माते मोटारीतील रोटरी इंजिनाचा वापर करतात. या इंजिनाच्या प्रज्वलनवेळेचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रोटरी इंजिनाचे स्वरूप :
'रोटरी' या नावाने दोन भिन्न इंजिने ओळखली जातात. पहिल्या महायुद्धातील विमानांत सिलिंडरांसह संपूर्ण इंजिनच फिरत असे. येथे अभिप्रेत असलेले इंजिन फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून साकारले व 1957 मध्ये जर्मनीतील एनएसयू कंपनीत प्रथम चालले. पुढे जपानच्या माझदा कंपनीने त्याचा विकास केला. त्यात दट्ट्या व झडपा नसतात. त्रिकोणी रोटर विशिष्ट आकाराच्या पोकळीत फिरतो. रोटरच्या एका फेऱ्यात मुख्य दंडाचे तीन फेरे होतात. माझदाच्या '13बी' इंजिनात असे दोन रोटर असून त्याची क्षमता 1308 घनसेंटीमीटर आहे.

दोन ठिणग्यांचे प्रयोजन :
या इंजिनाचा ज्वलनकक्ष लांब, अरुंद व सतत सरकणारा असतो. एका ठिणगीने संपूर्ण मिश्रण वेळेत जळत नाही. म्हणून प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग दिलेले असतात. 'लीडिंग' प्लग शक्तीचा मोठा वाटा निर्माण करतो, तर 'ट्रेलिंग' प्लग बहुधा 10 ते 15 अंश उशिरा पेटून उरलेल्या मिश्रणाच्या ज्वलनास साहाय्य करतो. दंडाची गती मिनिटाला 6000 फेरे असताना 20 अंश फिरण्यास सेकंदाचा सुमारे अठराशेवा भागच लागतो. ज्योत पसरण्यास वेळ लागत असल्याने ठिणगी आधी पडणे आवश्यक ठरते.

मोटार आणि विमान यांतील भेद :
मोटारीत मंद गतीवर धूर-नियंत्रणासाठी ठिणगी मुद्दाम उशिरा ठेवली जाते. माझदाच्या काही मोटारींत ती लीडिंगसाठी 5 व ट्रेलिंगसाठी 20 अंश, तीही वरच्या बिंदूनंतर, असे. विमानाचे इंजिन मात्र दीर्घकाळ जवळपास एकाच गतीवर व मोठ्या भाराखाली चालते. तेथे लीडिंग ठिणगी वरच्या बिंदूपूर्वी साधारण 20 ते 25 अंशांवर ठेवली जाते. ठिणगी फार उशिरा पडल्यास शक्ती घटते व मुळातच तप्त असलेला निष्कासवायू अधिक तापतो. ती फार लवकर पडल्यास मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट होऊन रोटरच्या टोकांवरील ठिसूळ सील तुटू शकतात. उड्डाणाच्या आरंभी असे घडल्यास वैमानिकाला सावरण्यास अवधी मिळत नाही.

समायोजनाची पद्धत :
शेतीपंपाच्या ऑइल इंजिनात इंधनपंपाखालील पातळ शिम बदलून टायमिंग साधतात; येथे ते इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातून साधले जाते. प्रथम नियंत्रक एका ठरावीक अंशावर स्थिर करून टायमिंग लाइटने पुलीवरील खूण पडताळावी. गती वाढवताना खूण सरकू लागल्यास संवेदक किंवा नियंत्रकातील विलंब दुरुस्त करावा. त्यानंतर एका वेळी एक-दोन अंशांचाच बदल करून फेरे व निष्कासवायूचे तापमान नोंदवावे. फेरे वाढणे थांबताच आणखी पुढे न जाता दोन अंश मागे यावे. या कामात विमान घट्ट बांधलेले असावे व नियंत्रणापाशी दुसरी व्यक्ती असावी. कारण टायमिंग लाइटच्या प्रकाशात फिरती पुली स्थिर भासते आणि फिरता प्रोपेलर डोळ्यांना जवळपास दिसतच नाही.

उड्डाणपूर्व तपासणीत दोन्ही प्रज्वलनसंच आळीपाळीने बंद करून पाहतात. लीडिंग बंद केल्यावर फेरे अधिक घटतात, ट्रेलिंग बंद केल्यावर थोडेच. हा दोष नव्हे. मात्र ट्रेलिंग ठिणगी फार उशिरा ठेवली असेल, तर लीडिंग संच निकामी झाल्यावर उरणारी शक्ती अपुरी ठरते. म्हणून दोहोंतील अंतर ठरवताना या प्रसंगाचाही विचार करणे अगत्याचे आहे.

स्थानिक हवामानाचा परिणाम :
कोल्हापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात 38 अंश सेल्सिअस तापमानाला तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी कमी होते. विरळ मिश्रण सावकाश जळत असल्याने ठिणगी किंचित लवकर चालू शकते. परंतु तप्त हवा अनियंत्रित स्फोटाची शक्यता वाढवते. त्यामुळे थंड सकाळी निश्चित केलेला अंश भर दुपारीही सुरक्षित आहे, असे गृहीत धरता येत नाही.

निष्कर्ष :
रोटरी इंजिनात प्रज्वलनवेळ हा केवळ शक्तिवृद्धीचा उपाय नसून सुरक्षिततेचा पाया आहे. सर्वाधिक शक्ती देणाऱ्या अंशापेक्षा थोडा अलीकडचा अंश निवडणे, प्रत्येक बदलाची लेखी नोंद ठेवणे आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीविना उड्डाण न करणे, ही त्रिसूत्री स्वनिर्मित विमानाच्या प्रत्येक अभ्यासकाने पाळणे आवश्यक आहे.