कासवाला टोमॅटो आठवतो

घरच्या कासवाला टोमॅटो आणि काकडीखेरीज काही चालत नाही, मेथी-कोथिंबीर पुढ्यात ठेवली तर वास घेऊन मान फिरवतं, आता काय करून घालावं, असा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातल्या एका वाचकांनी विचारला आहे.

उत्तराआधी कासव कोणतं ते पाहायला हवं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर ते स्टार कासव, आणि ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली नवी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून ते पहिल्या अनुसूचीत आहे. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. घरात कासव आलं की पैसा येतो या समजुतीने या प्राण्याचं फार वाईट केलं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार स्टार कासवं पकडली जातात, असं आढळलं होतं. तेव्हा असं कासव घरी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. परस्पर माळावर नेऊन सोडू नये. परक्या मुलखात ते तगेलच असं नाही, शिवाय घरातले आजार ते रानात नेतं.

तेरणा-मांजरेच्या खोऱ्यात विहिरीत, तळ्यात सापडणारं मऊ पाठीचं कासवही पहिल्याच अनुसूचीत आहे. पावसाळ्यात ते रस्त्यावर येतं, मुलं उचलून घरी आणतात आणि त्याच्यापुढे पालक ठेवतात. ते खात नाही म्हणून सगळे हळहळतात. पण ते गोगलगायी, बेडूक, मासे, किडे, मेलेली जनावरं आणि पाणवनस्पती खाणारं आहे. जिथून आणलं तिथल्याच पाण्यात त्याला नेऊन सोडणं, एवढीच त्याची सेवा.

उरली ती नोंदणी करून पाळलेली परदेशी कासवं. आफ्रिकेतलं सल्काटा हे त्यातलं मुख्य. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. शिवाय जप्त केलेली किंवा लोकांनी आणून दिलेली स्टार कासवं सांभाळणारी मंडळी आहेत. टोमॅटोवर वाढलेलं कासव पाल्याला तोंड लावत नाही, ही त्यांचीही रोजची डोकेदुखी. पुढचं सगळं या दोघांसाठी.

कासवाच्या नखऱ्यामागे बहुतेक वेळा थंडी असते. पाला खाणाऱ्या कासवाचं मोठं आतडं म्हणजे सरळ गोबरगॅसचा प्लांट. गवताचा तंतू कासवाला स्वतःला पचवता येत नाही, आतले सूक्ष्मजीव तो कुजवतात आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर कासव जगतं. आता ज्यांच्या दारात गोबरगॅस आहे त्यांना विचारा. थंडीत गॅस कमी पडतो, कारण आतले जिवाणू सुस्तावतात. कासवाचं तसंच, त्याला स्वतःची ऊब नाही. अंग २८ ते ३२ अंशांपर्यंत तापलं की आतलं काम जोरात चालतं, विशीच्या खाली जवळपास थांबतं. गोबरगॅसमध्ये गोडधोड, शिळंपाकं भसाभस टाकलं तर टाकी आंबते आणि गॅस बंद होतो. केळं, आंबा, द्राक्षं खाऊन कासवाला हगवण लागते ती याच कारणाने. आणि टाकीत घातलेलं शेण लगेच बाहेर पडत नाही, तसा कासवाने खाल्लेला पालाही कित्येक दिवस, कधी आठवडे आत राहतो. म्हणून मोठ्या कासवाने दोन दिवस खाल्लं नाही तर घाबरण्याचं कारण नाही.

डिसेंबर-जानेवारीत बालाघाटावर पहाटे पारा पंधराच्या खाली उतरतो. अशा वेळी सकाळी सातला ताट पुढे सरकवलं तर कोणतंही कासव तोंड फिरवील. त्याला आधी ऊन खाऊ द्यावं, अन्न दहा-अकराला द्यावं. मे महिन्यात उलट, भर दुपारी ते सावलीत निपचित पडतं, तेव्हा खाणं सकाळी लवकर. पुष्कळ 'नखरेल' कासवं एवढ्या वेळेच्या बदलाने खायला लागतात. ऊन मात्र काचेतून आलेलं नको, थेट हवं. ड जीवनसत्त्व बनवणारे अतिनील किरण काच अडवते.

वेळ बदलूनही टोमॅटोच हवा असेल तर प्रश्न स्मरणशक्तीचा आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या अ‍ॅना विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाल पायांच्या कासवांना रंग शिकवले. अमुक रंगामागे आवडीचा किंवा भरपूर खाऊ, तमुक रंगामागे नावडता किंवा थोडा. दीड वर्षाने तेच रंग दाखवले तेव्हा कासवांना कोणता रंग जास्त मोलाचा हे नीट आठवत होतं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. व्हिएन्ना आणि झुरिकच्या प्राणिसंग्रहालयांतल्या महाकाय कासवांवरही असे प्रयोग झाले, आणि त्यातल्या काहींनी शिकलेली गोष्ट नऊ वर्षांनंतरही करून दाखवली. लाल रंगाची गोड फोड कासव विसरत नाही. ते हट्ट करत नाही, वाट पाहतं.

ही गोष्ट प्रयोगशाळांच्या फार आधी एका बाईंना ठाऊक होती, आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. गिल्बर्ट व्हाइट हा अठराव्या शतकातला इंग्लिश धर्मोपदेशक आणि निसर्गनिरीक्षक. सेलबोर्न गावच्या निसर्गावरचं त्याचं पुस्तक १७८९ साली निघालं, आजही वाचलं जातं. त्यातलं टिमथी नावाचं कासव जगप्रसिद्ध झालं. (टिमथी मादी होती, हे तिच्या मृत्यूनंतर कळलं.) पण ते कासव मुळात व्हाइटच्या आत्याचं, रेबेका स्नूक यांचं. रिंगमर गावातल्या त्यांच्या अंगणात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ त्याला खाऊ घातलं. आत्याबाई दिसल्या की कासव लगबगीने त्यांच्याकडे निघतं, अनोळखी माणसाकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही, ही नोंद व्हाइटने केली. १७८० मध्ये आत्या वारल्या, तेव्हा त्याने हिवाळी झोपेतलं कासव उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांवर आपल्या घरी नेलं. कीर्ती त्याला मिळाली. एकाच प्राण्याच्या आहाराचं तीन दशकांचं काम आत्याबाईंचं होतं.

व्हाइटने लिहून ठेवलेली कासवाची आवड आपल्या फार उपयोगाची आहे. चीक असलेल्या वनस्पती त्याला सर्वांत प्रिय: लेट्यूस, डँडेलियन, सोथिसल. या सगळ्या सूर्यफुलाच्या कुळातल्या. त्यांची सख्खी चुलतबहीण मराठवाड्याच्या बांधावर उगवते, ती पाथरी. आपण भाकरीबरोबर कच्ची खातो तीच. तोडली की पांढरा चीक येतो. कासवासाठी याहून चांगली सुरुवात नाही. जोडीला हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, भोपळ्याची फुलं, शेवग्याचा थोडा पाला, कोवळी करडई. घोळ आणि तांदुळजा क्वचित, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. पालकाचंही तेच.

आणि फड्या निवडुंग! १८३५ मध्ये गालापागोसवर गेलेल्या डार्विनने लिहिलं आहे की कोरड्या बेटांवरची कासवं मुख्यतः निवडुंगावर जगतात. ते किती पोषक, हे आकड्यांत दिसतं. शंभर ग्रॅम काकडीत १६ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २४ मिलिग्रॅम फॉस्फरस, टोमॅटोत १० आणि २४, केळ्यात ५ आणि २२. निवडुंगाच्या कोवळ्या फडीत १६४ आणि १६. कॅल्शियम दुधाहून जास्त. कासवाला कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट तरी लागतं. ते न मिळाल्यास शरीर हाडांतून काढून घेतं, आणि कासवाची पाठ ही हाडंच असल्यामुळे ती मऊ पडते, वाकडी होते. फडी जाळावर धरून काटे आणि बारीक कुसळं पूर्ण जाळावीत, साल काढावी, फोडी कराव्यात. वरून काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस किसून भुरभुरावा.

टोमॅटो एकदम बंद करू नये. मोठ्या फोडी घातल्या तर कासव लाल तेवढं वेचून खातं, म्हणून सगळं अगदी बारीक चिरून कालवावं, पाल्याला टोमॅटोचा रस चोळावा आणि दर आठवड्याला टोमॅटो कमी करत जावं. लाल-पिवळ्याची ओढ जास्वंदीच्या पाकळीने, भोपळ्याच्या फुलाने भागते. सोयाबीनवर फवारणी झालेल्या रानाच्या बांधावरचा पाला मात्र आणू नये, काही औषधं पानाच्या आत मुरतात, धुऊन जात नाहीत. गाजरगवत, कण्हेर, रुई, धोतरा यांचं पानही त्यात यायला नको. वजन सतत उतरू लागलं, नाक वाहू लागलं किंवा डोळे मिटलेलेच राहिले तर पाककृती बाजूला ठेवून पशुवैद्य गाठावा.

तयार गोळ्यांच्या जाहिराती पाठीवर उंचवटे येण्याचं सारं खापर प्रथिनांवर फोडतात आणि आपला कमी प्रथिनांचा डबा विकतात. हरभरा, डाळी कासवाला नकोतच, पण उंचवट्यांचं मूळ दुसरीकडे आहे. व्हिएन्नातल्या विस्नर आणि इबेन यांनी सल्काटाची पिल्लं पाच महिने वेगवेगळ्या दमटपणात आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवली. २००३ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठी जास्त उंचवट्यांच्या झाल्या, दमट हवेतल्यांच्या कमी, प्रथिनांचा परिणाम किरकोळ होता. सल्काटा वाळवंटाच्या कडेचं असलं तरी कोरडा काळ ते खोल बिळात काढतं आणि बिळातली हवा ओलसर असते. (स्टार कासवाला थोडे उंचवटे निसर्गतःच असतात, तो आजार नव्हे.) उन्हाळ्यात आपल्याकडची हवा फार कोरडी. पिल्लू असेल तर लपायच्या जागेत ओली माती किंवा नारळाचा भुसा ठेवावा, रोज हनुवटीपर्यंतच्या कोमट पाण्यात पाव तास बसवावं. बहुतेक कासवं त्यातच पाणी पितात, पोट साफ करतात आणि बाहेर आल्यावर पाथरीकडे वळतात.