ऐंशीच्या पुढे थरथरणारी गाडी

श्रोतेहो, आमच्या करंजाडेतून पुण्याला जायचं म्हणजे कळंबोली गाठायची आणि द्रुतगती मार्गाला लागायचं. गल्लीबोळात गुपचूप असलेलं गाडीचं दुखणं बोलायला लागतं ते इथेच. शेजारच्या वहिनी एका रविवारी म्हणाल्या, "भाऊ, पनवेलमध्ये गाडी छान चालते, पण काटा ऐंशीच्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरतं. दोनदा बॅलन्सिंग करून झालं. आता गॅरेजवाले सस्पेन्शन बदला म्हणतात. बदलू का?"

मी म्हटलं, "वहिनी, पैसे खर्च करण्याआधी गाडी काय सांगतेय ते ऐकू या."

ही थरथर ऐंशीलाच का सुरू होते? साध्या मोटारीचं चाक एका फेरीत सुमारे 1.9 मीटर अंतर कापतं. म्हणजे ताशी 100 किलोमीटरला ते सेकंदाला 14-15 वेळा फिरतं. रिमच्या कडेला एका बाजूला फक्त 30 ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते साडेचार किलोच्या वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर ओढतं, आणि तेही प्रत्येक फेरीला. वेग निम्मा केला की हा जोर निम्मा नव्हे, चौथाईवर येतो. म्हणून गावात पत्ता लागत नाही. शिवाय झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावला की तो उंच जातो, तसंच इथेही होतं. चाकाच्या फेऱ्यांची आणि सस्पेन्शनच्या स्वतःच्या हेलकाव्याची लय जुळली की थरथर वाढते. वेग आणखी वाढला तर कधी कधी ती कमीही होते; पण त्यामुळे दोष गेला असं समजू नये.

आता दुखणं कुठे आहे, ते ओळखायचं कसं? थरथर हातात, म्हणजे स्टिअरिंगमध्ये जाणवली तर संशय पुढच्या चाकांवर. सीटखाली आणि पायाशी जाणवली तर बहुधा मागच्या. फक्त ब्रेक दाबल्यावर पॅडलला धक्के बसले तर ब्रेकची डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नाही. ॲक्सिलरेटर दाबताना थरथर आणि पाय काढल्यावर शांतता, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा तपासावा. वेगाबरोबर घूंऽऽ असा आवाज चढत गेला आणि वळणावर तो बदलला तर बेअरिंग. आणि गाडी जागेवर उभी असताना, न्यूट्रलमध्ये, इंजिन तेवढंच जोरात फिरवल्यावरही थरथर झाली तर चाकांचा काही संबंध नाही. इंजिन किंवा त्याचे माउंटिंग पाहावे.

अनेकांचा एक घोटाळा होतो. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकीकडून झिजतो. थरथर हे तिचं नेहमीचं लक्षण नाही. तिथे आधी बॅलन्सिंग पाहायचं. त्याच्याही आधी रिमची आतली बाजू धुवायची! पावसाळ्यात तिथे वाळून बसलेला चिखल सहज शंभर ग्रॅम भरतो.

वहिनींच्या गाडीला चिखल नव्हता. डाव्या बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे टाकून मी कळंबोलीपासून एक फेरी मारली. थरथर स्टिअरिंगमधून निघून सीटखाली आली! दुखणं चाकाबरोबर सरकलं, म्हणजे सस्पेन्शन निर्दोष. घरी येऊन ते चाक काढलं आणि टायरवरून तळहात फिरवला. आतल्या कडेजवळ एका जागी रबर किंचित वर उचललेलं लागलं. आतल्या तारांच्या पट्ट्यांची पकड तिथे सुटत चालली होती. असा टायर वेगात फाटू शकतो. खरं तर हात आधी फिरवायचा आणि मगच फेरी मारायची. ती चूक माझी. तुम्ही ती करू नका.

मग दोनदा बॅलन्सिंग करूनही हे सापडलं कसं नाही? साधं बॅलन्सिंगचं मशीन चाक हवेत फिरवतं. त्याला तोल कळतो. रस्त्यावर, गाडीच्या भाराखाली ते चाक गोल राहतं की नाही, हे कळत नाही. तोल वेगळा, गोलाई वेगळी.

तेव्हा लांब निघण्याआधी, टायर गार असताना हवा तपासा. चारही टायरांवरून हात फिरवा. आतली बाजू विसरू नका. बाजूवर फुगवटा दिसला तर तो टायर त्याच दिवशी बदला. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी नको. टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं होतंच. आणि चालत्या गाडीत थरथर अचानक सुरू झाली, तर "खालापूरच्या नाक्यावर बघू" म्हणू नका. वेग हळूहळू कमी करा, सुरक्षित जागी थांबा. चाकाचे नट सैल झालेले असू शकतात.

वहिनींना एक टायर घ्यावा लागला, सस्पेन्शन आहे तेच आहे. पुढच्या आठवड्यात त्या सासूबाईंना घेऊन पुण्याला जाऊन आल्या. "स्टिअरिंग कसं होतं?" मी विचारलं. म्हणाल्या, "भाऊ, लक्षातच आलं नाही." निरोगी गाडीची खूण तीच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)