महापुरातला बाजार : सुरतेचा धडा

‘सुरतेची लूट’ हे शब्द मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी मोगलांच्या या श्रीमंत बंदरावर घातलेल्या छाप्यांची हकिगत आपण लहानपणीच वाचलेली असते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळ्या लुटीचा आहे. या लुटीला घोडदळ लागत नाही की तलवार लागत नाही. रस्ता बंद पडावा आणि गिऱ्हाईक अडलेले असावे, एवढे पुरते. नैसर्गिक आपत्तीनंतर बाजारात जे घडते ते नेमके का घडते, याचा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विचार करायलाच हवा.

तापीचे पाणी आणि शहर

मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी तापी आपल्या खानदेशातून वाहत जाऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते. शहराच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर उकाईचे धरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला आणि आधीच बरेच भरलेल्या या धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला ९ लाख घनफूट, इतके पाणी सोडावे लागले. ७ ऑगस्टपासून पाणी शहरात शिरू लागले आणि पाहता पाहता तीन-चतुर्थांशाहून अधिक सुरत पाण्याखाली गेली. अडाजण, रांदेर, कतारगाम या भागांत लोक वरच्या मजल्यांवर अडकून पडले. हजिऱ्याच्या कारखान्यांतही पाणी घुसले. पाणी आधीपासून थोडे थोडे का सोडले नाही, यावर पुढे बराच वाद झाला.

वीज गेली, नळ बंद पडले. दूध, पिण्याचे पाणी, मेणबत्त्या या एरवी कोपऱ्यावर मिळणाऱ्या वस्तू दुर्मिळ झाल्या आणि मिळाल्या तरी सर्वत्र नेहमीच्या भावाने मिळाल्या नाहीत. यंत्रमाग आणि हिऱ्यांचे कारखाने बंद. लिंबायत, उधना या भागांत राहणाऱ्या खानदेशी मजुराची रोजी त्याच दिवशी थांबली. म्हणजे एका हाताने वस्तू महागली आणि दुसऱ्या हाताने मिळकत गेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच!

भाव का चढतो?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात भावाची दोन कामे सांगितलेली असतात. पहिले काम म्हणजे असलेला माल वाटून देणे आणि दुसरे, नवा माल बोलावून आणणे. भाव चढला की दूरचा व्यापारी माल घेऊन धावत येतो, पुरवठा वाढतो आणि भाव पुन्हा उतरतो. म्हणून भाववाढ ही आपोआप बरी होणारी दुखणी आहेत, असे काही अर्थशास्त्रज्ञ मानतात.

परंतु महापुरात काय होते ते पाहा. समजा, एका गल्लीत शंभर कुटुंबे आहेत आणि दुधाच्या वीसच पिशव्या आल्या. भाव दुप्पट केला काय किंवा दहापट केला काय, पूल पाण्याखाली असेपर्यंत एकविसावी पिशवी येणार नाही. भावाचे दुसरे काम बंद पडले. राहिले फक्त पहिले, आणि तेही विपरीत रीतीने होते. ज्याच्या घरी तान्हे मूल आहे त्याच्याकडे दूध जात नाही, ज्याच्या खिशात रोकड आहे त्याच्याकडे जाते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाविषयी हेच दाखवून दिले की, माणसे केवळ धान्य नसल्यामुळे मरत नाहीत, धान्य मिळवण्याची ऐपत गेल्यामुळेही मरतात.

येथे एक भेद मात्र केला पाहिजे. जीव धोक्यात घालून होडी घालणारा नावाडी चार पैसे जास्त मागतो तेव्हा त्यात त्याचा खर्च आणि जोखीम असते. वीस किलोमीटरचा वळसा घेऊन येणाऱ्या भाजीवाल्याचेही तसेच. उलट जो माल पुराच्या आधीच जुन्या भावाने दुकानात भरलेला होता, त्याचा खर्च पावसाने वाढत नाही. पहिली महागाई आहे, दुसरी नफेखोरी. दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

आणखी एक गोष्ट. वर्षभर उधारीवर किराणा देणारा गल्लीतला दुकानदार सहसा फार भाव चढवत नाही, कारण उद्या त्याच गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचे असते. एकदाच भेटणारा आणि पुन्हा न दिसणारा विक्रेता अधिक निर्भय असतो. कन्नडमध्ये काळ्या बाजाराला ‘काळसंते’ म्हणतात. संते म्हणजे आठवड्याचा बाजार. पण संतेत तोच विक्रेता पुढच्या आठवड्यालाही येतो. काळसंतेत मात्र तो परत येत नाही, हाच काय तो फरक.

इंधनाची गोष्ट

आपत्तीत इंधनाचे महत्त्व दुधाइतकेच असते. इस्पितळाचे जनित्र, बचावाची यांत्रिक होडी, तळघरातले पाणी उपसणारा पंप, सारे इंधनावर चालते. पेट्रोल पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि यंत्र विजेवर चालते, म्हणून पूर आला की पहिला फटका तिथेच बसतो.

पंपावरचा दर पंपचालकाच्या हाती नसतो. पेट्रोलचे दर २०१० साली आणि डिझेलचे २०१४ साली सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, तरी ते तेल कंपन्या ठरवतात. मग टंचाई दिसते कोठे? ती प्रथम रांगेत दिसते आणि नंतर रांगेच्या मागे, कॅनमधून आणि बाटलीतून होणाऱ्या चोरट्या विक्रीत. ज्वालाग्राही पदार्थ असा साठवणे किती धोक्याचे, हे सांगायला नकोच.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाच-सहा दिवस बंद पडला, तेव्हा कोल्हापुरात टँकर पोहोचेनात आणि उरलेले इंधन अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवावे लागले. सीमाभागातील आपल्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. भाव वाढू न देता टंचाई वाटून घेण्याचा हा मार्ग आहे. त्यात गैरसोय सर्वांची होते, पण रुग्णवाहिका थांबत नाही.

खरोखरची लूट किती?

पूर आला की ‘चोर सुटले आहेत’ अशी आवई उठतेच. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ क्वारांटेली आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे आपत्तींचा अभ्यास करून असे दाखवले की, नैसर्गिक आपत्तीनंतर सामूहिक लूट समजली जाते त्यापेक्षा पुष्कळच विरळ असते. परस्परांना मदत करणारेच अधिक असतात. पण अफवेचे नुकसान खरे असते. घर फुटेल या भीतीने माणूस पाणी छातीला लागेपर्यंत घर सोडत नाही.

सुरतेने अफवेचा प्रताप त्याआधीही पाहिला होता. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो लोक शहर सोडून निघाले आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. ज्याला गरज नव्हती त्यानेही डबा भरून ठेवला. साठेबाज म्हणजे केवळ गोदामवाला शेठ नव्हे. भीतीपोटी चौपट खरेदी करणारे आपण सारेही त्यात थोडे थोडे असतो.

कायदा काय करतो?

जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे आणि त्यात पेट्रोलियम पदार्थ व औषधे येतात. त्याखालील आदेश मोडल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. १९८० च्या काळाबाजार प्रतिबंधक कायद्याने सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने वाहने व साधनसामग्री ताब्यात घेता येते, आणि मदतीच्या मालाचा अपहार करणाऱ्याला शिक्षा होते.

मेख अशी की, अमेरिकेतील अनेक राज्यांत आपत्तीतील अवाजवी भाववाढीविरुद्ध स्वतंत्र कायदे आहेत, तसा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे; पण सुट्या भाजीवर, सुट्या मेणबत्तीवर, होडीच्या भाड्यावर किंमत छापलेली नसते. तेथे आदेश वेळेवर निघाला तरच कायदा उपयोगी पडतो. पाणी ओसरल्यावर निघालेला आदेश म्हणजे वरातीमागून घोडे.

तात्पर्य

दंडुक्याने दूध निर्माण होत नाही, आणि नुसत्या मोकळ्या बाजारानेही बुडालेला पूल वर येत नाही. उपाय तीन दिसतात. माणशी मर्यादा ठरवून वाटप करणे, माल किती आहे व केव्हा येणार हे रोज जाहीर करणे, आणि पावसाळ्यापूर्वीच इंधन, औषधे व दुधाची भुकटी उंच जागी साठवून ठेवणे. यांतला दुसरा सर्वांत स्वस्त आहे. उद्या टँकर येणार, एवढे खात्रीने कळले तरी आजची रांग निम्मी होते. भाव चढतो तो मालाच्या अभावाने जेवढा, तेवढाच माहितीच्या अभावाने.

आपणही नदीकाठचीच माणसे आहोत. मे महिन्यात आपापल्या वॉर्डातील दुकाने, पंप आणि गोदामे यांची एक साधी यादी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी केली, तर जुलैत ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल. हिशेब शिकतो तो नफ्याचाच असावा, असे कोठे लिहिले आहे?