गंभीर आजाराचा विमा : पैसे नेमके कधी मिळतात?



"ट्रॅक्टरच्या कर्जासोबत गंभीर आजाराची पॉलिसी देतायत, घ्यावी का?" असं बऱ्याच जणांनी विचारलंय. पहिली गोष्ट, ती घेतल्याशिवाय कर्जच मिळणार नाही असं बंधन नाही. घ्यायची तर समजून घ्या.

ही पॉलिसी दवाखान्याचं बिल भरत नाही. यादीतल्या आजाराचं निदान होऊन अटी पूर्ण झाल्या की ठरलेली रक्कम एकरकमी मिळते. 5 लाखांची असेल तर 5 लाख, बिल दीड लाख झालं तरी. त्यातून उपचार करा, मजूर लावून कापूस वेचून घ्या, नाहीतर सोसायटीचं कर्ज भरा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पैसे परस्पर दवाखान्याला जातात, हातात काही येत नाही. फरक तो आहे.

खरी मेख व्याख्येत आहे. कॅन्सर, हार्ट अटॅक, बायपास, किडनी, पक्षाघात ही नावं बहुतेक पॉलिसींत असतात. पण किडनीला सूज आहे एवढ्यावर भागत नाही. दोन्ही किडन्या कायमच्या निकामी होऊन डायलिसिस लागलेलं किंवा किडनी बदललेली असावी लागते. पक्षाघाताचा परिणाम 3 महिन्यांनंतरही राहिलेला दाखवावा लागतो. अगदी सुरुवातीचा, न पसरलेला कॅन्सर बऱ्याच पॉलिसींत बाद. आणि नुसता स्टेंट टाकला तर तो बायपासमध्ये धरत नाहीत. माणूस फसतो तो इथेच.

सर्पदंश, फवारणीची विषबाधा, डेंगी हे यात सहसा नसतं.

पॉलिसी घेतल्यापासून साधारण पहिल्या 90 दिवसांत आजार निघाला तर दावा नाही. निदानानंतरही ठरावीक दिवस, बऱ्याचदा 30, रुग्ण हयात असावा लागतो. त्याआधी गेला तर घरच्यांना यातून रुपयाही नाही. त्यासाठी प्रधानमंत्री जीवनज्योती वेगळी आहे, वर्षाला 436 रुपयांत 2 लाख.

बीपी-शुगर असेल तर फॉर्मवर लिहाच. "लिहू नका, हप्ता वाढेल" म्हणणारा एजंट दाव्याच्या वेळी समोर नसतो, आणि कंपनी जुने केसपेपर काढतेच.

आधीच घेऊन बसला असाल तर कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, थोडी कपात होऊन हप्ता मिळतो.

वाचून उमगत नसेल तर 'व्याख्या' आणि 'अपवाद' या पानांचे फोटो काढून आपल्या कार्यालयात या, पण सही करायच्या आधी.