सातवा चहा

२०२० च्या जानेवारीतला तिसरा रविवार. मुंबई मॅरेथॉन पुरी करून आम्ही सहाजण आझाद मैदानाच्या कडेला उभे होतो. उभे म्हणजे कसेबसे. गळ्यात पदकं, गालांवर वाळलेल्या घामाचं मीठ, आणि डोक्यात एकच गोष्ट : फोर्टातल्या इराण्याकडचा चहा आणि ब्रून मस्का. मिरजेहून निघतानाच ठरलं होतं की चहा सातही जणांनी मिळून प्यायचा. सातवे अजून आले नव्हते.

हे सातवे म्हणजे आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आम्ही त्यांना मास्तरच म्हणतो. मी पन्नाशी गाठली आणि डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा मला कृष्णाघाटाच्या रस्त्यावर ओढून नेलं ते यांनीच. मी पडलो कवी माणूस, मैफलीत रात्री दोनपर्यंत बसणारा. पहाट मला ठाऊक होती ती फक्त रमजानातल्या सहरीपुरती.

वाट पाहताना आमच्या शाळामास्तरीण बाईंनी फूटपाथवर बसकण मारली. गटातल्या नर्सताई लगेच ओरडल्या, "उठा, चालत राहा!" तेव्हा आम्हाला हा जुलूम वाटला. पण त्यामागे कारण आहे. धावताना पायांचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की तो पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. शर्यत पुरी करणारे पुष्कळ जण कोसळतात ते रस्त्यात नव्हे, शेवटच्या रेषेनंतर! म्हणून दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चालायचं.

दुसरा दंडक पाण्याचा. तहान लागली म्हणून बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या करायच्या नाहीत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं आढळलं. कारण मुख्यतः पाण्याचा अतिरेक. तहानेपुरतं पाणी, सोबत काहीतरी खारट आणि काहीतरी गोड. माझ्या पिशवीत घरून दिलेले खजूर होते, ते मी वाटले. रोजा सोडताना खजूर का, याचं उत्तर त्या दिवशी पोटानंच दिलं.

एवढ्या हालांनंतर माणसाला आनंद का होतो, हा प्रश्न मला त्या मैदानापाशी पडला आणि नंतर मी त्यामागं लागलो. पूर्वी याचं श्रेय एंडॉर्फिन नावाच्या द्रव्याला देत. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. २०२१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी त्याचा परिणाम रोखणारं औषध देऊन लोकांना पळवलं, तरी ते खूश झालेच. मग संशय जातो दुसऱ्या एका द्रव्यावर. ते १९९२ मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि शोधणाऱ्यांनी त्याला नाव दिलं 'आनंदामाइड'. आपल्या 'आनंद' या संस्कृत शब्दावरून! उर्दू घरात वाढून मराठीत कविता लिहिणाऱ्या मला ज्यूंच्या विद्यापीठातून आलेला हा शब्द फारच आवडला. धावल्यावर हे द्रव्य रक्तात वाढतं, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं.

पण हा झाला एकट्याचा आनंद. घोळक्याचा निराळा असावा. ऑक्सफर्डच्या बारा वल्हेकऱ्यांवर एक साधा प्रयोग झाला. त्यांना वल्ही मारण्याच्या यंत्रावर एकदा एकेकट्यानं आणि एकदा संघाबरोबर तितकीच मेहनत करायला लावली. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळत नेला आणि कोण किती सोसतो ते पाहिलं. बरोबरीनं वल्हवल्यावर सोसण्याची ताकद सरासरीनं जास्त भरली. मेहनत तीच, फरक फक्त सोबतीचा. वारीची उपमा इथं सगळेच देतात, म्हणून मी देत नाही.

मास्तर अखेर दिसले. लंगडत, एका पोलिसाला रस्ता विचारत येत होते. गळा रिकामा. आम्ही सहाही जणांनी, एकमेकांकडे न बघता, आपापली पदकं काढून खिशात घातली.

पेडर रोडच्या चढापाशी, चौतिसाव्या किलोमीटरला त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. शरीरात साठवलेली साखर साधारण तिशीच्या पुढे संपत येते आणि परतीच्या वाटेवर हा चढ नेमका तेव्हाच समोर उभा राहतो. दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं संत्र्याच्या फोडी, चिक्की हातावर ठेवत होती, पण पाय ऐकेनात. वेळमर्यादा संपली आणि मागून येणाऱ्या बसनं त्यांना उचललं.

"आयुष्यभर लोकांना गाडीत चढवलं, आज मलाच चढवलं," मास्तर म्हणाले. मग आमच्या गळ्यांकडे पाहिलं. "पदकं कुठायत?"

कुणी बोलेना.

"चाचा, घाला ती," ते मला म्हणाले. "माझ्यासाठी सुतक पाळताय का?"

आम्ही घातली. खरं सांगतो, चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. आम्हाला ती माणुसकी वाटली होती. त्यांना ती कीव वाटली आणि त्यांचंच बरोबर होतं.

इराण्याकडे टेबलाभोवती बसल्यावर मी त्यांना पिएत्रीची गोष्ट सांगितली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोरांदो पिएत्री हा इटालियन स्टेडियममध्ये सर्वांत पुढे शिरला आणि पुन्हा पुन्हा कोसळला. पंचांनी हात देऊन त्याला रेषेपार नेलं, म्हणून तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रानं पिएत्रीला मुलामा दिलेला चांदीचा पेला दिला. ४२.१९५ किलोमीटर हे आजचं अंतरही त्याच शर्यतीतलं; १९२१ मध्ये ते कायमचं ठरलं.

"म्हणजे त्याला कप मिळाला," मास्तर म्हणाले आणि आपला कप पुढे सरकवला. "अजून एक सांगा."

ब्रून बुडवून बुडवून खाल्ला. कॉलेजातल्या पोरांना कशानंही हसू येत होतं. गॅरेजवाल्या भाऊंना खुर्चीतून उठवायला दोघे लागले. दुसऱ्या दिवशी मिरज स्टेशनच्या पुलावरून आम्ही कठड्याला धरून उलटे उतरलो, कारण मांड्या पुढच्या बाजूनं उतरूच देईनात.

बिल आलं. मास्तरांनी ते आपल्याकडे ओढलं, सवयीनं नोटांच्या घड्या बोटांत धरल्या आणि प्रत्येकाचा हिशेब करून सुट्टे परत केले. स्वतःचे मात्र थोडे कमी ठेवले.

"मास्तर, हे कमी आहेत," बाई म्हणाल्या.

"मी चौतीसलाच उतरलो," मास्तर म्हणाले. "पुढच्या टप्प्याचं भाडं कशाला देऊ?"