ओव्हनमधलं आइस्क्रीम

‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ पाहताना बहुतेकांचं लक्ष परीक्षक पॉल हॉलिवूडच्या चेहऱ्याकडे असतं. माझं असतं तंबूतल्या उकाड्याकडे. बेकिंगची ही स्पर्धा भरते तो इंग्लंडमधल्या हिरवळीवरचा पांढरा तंबू तापला, की चॉकलेट घट्ट व्हायचं नाव घेत नाही, लोणी पाघळतं आणि हौशी स्पर्धकांची तारांबळ उडते. २०१०पासून चाललेला हा कार्यक्रम म्हणूनच मला उष्णतेचं प्रात्यक्षिक वाटतो. पाककृती निमित्तमात्र!

ऑगस्ट २०१४मध्ये दाखवलेल्या भागात ‘बेक्ड अलास्का’ करायचा होता. खाली केक, वर आइस्क्रीम आणि त्यावर मेरिंगचा, म्हणजे साखर घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा, जाड थर. हे सगळं कडकडीत तापलेल्या ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवायचं. एका स्पर्धकाचं आइस्क्रीम फ्रीझरबाहेर राहिलं. वैतागून त्याने सगळा पसारा कचऱ्याच्या डब्यात टाकला, डबाच परीक्षकांपुढे ठेवला आणि स्पर्धेतून बाद झाला. आइस्क्रीम बाहेर काढलं कुणी, यावर ब्रिटनमध्ये एवढा गदारोळ झाला की बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ या बातम्यांच्या कार्यक्रमाने त्या बाद स्पर्धकाला मुलाखतीला बोलावलं.

पण मुळात दोनशेहून जास्त अंशांच्या ओव्हनमध्ये आइस्क्रीम टिकतं कसं? अंड्याचा पांढरा भाग फेटताना त्यातल्या प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदे धरतात. साखरेमुळे पडद्यातलं पाणी दाट होतं, बुडबुडे लवकर फुटत नाहीत. अशी कोंडलेली हवा पाण्याच्या वीसपट तरी कमी उष्णता वाहून नेते. थंडीत गोधडी जे करते तेच मेरिंग इथे करतं, फक्त उलट्या दिशेने. वरचा पापुद्रा सुकून खरपूस होतो. उष्णता आत पोचायच्या आधी ताट बाहेर आलेलं असतं. खालचा जाळीदार केकही तीच राखण करतो. मेरिंग मात्र थेट केकपर्यंत लिंपायला हवं. जरा फट राहिली, की आइस्क्रीम तिथून वाहिलंच म्हणून समजा.

गंमत अशी, की मदतीला धावणारी हीच हवा फ्रीझरमध्ये नडते. एक ग्रॅम पाणी गोठवायला जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. ती ओढून घ्यायला भोवती असते ती गार हवा, आणि हवा या कामात मंदच. त्यात दार सारखं उघडलं जाणार. त्यामुळे या पदार्थात ओव्हनची भीती फुकाची. खरी परीक्षा आइस्क्रीम वेळेत गोठवण्याची.

निकोलस कुर्ती या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाचं आयुष्य अतिशीत तापमानाच्या संशोधनात गेलं. १९६९मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी बेक्ड अलास्काच उलटा करून दाखवला: बाहेर गोठलेलं कवच, आत गरमागरम सारण. त्यासाठी त्यांनी मायक्रोवेव्ह वापरला. बर्फातले पाण्याचे रेणू जखडलेले असतात, मायक्रोवेव्हच्या लहरींबरोबर ते हलू शकत नाहीत. लहरी कवचातून जवळजवळ तशाच आरपार जातात आणि आतल्या पातळ, गोड सारणाला तापवतात.